बटणांमागचा लाल थर

पनवेल,
मंगळवार

प्रिय दीपा वहिनी,

हे पत्र सुभाषच्या हाती देतोय. तुझा भाऊ बेलपाड्याला बिल्डिंगच्या कामावर येतो हे ठाऊक होतं, म्हणून त्याला गेटवर गाठलं. संध्याकाळी तुमच्या वाडीवर परतताना नेतो म्हणाला. पत्राबरोबर एक पुडकं आहे, पण आधी पत्र वाच. पुडकं उघडशील ते अंगणात उघड, आणि जेवण झाल्याझाल्या नको. फोनवरही सांगता आलं असतं, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांचं होतं, आणि मला कुणी मध्येच तोडलं की पुढचं सुचत नाही.

तू माहेरी निघून गेलीस तेव्हापासून मायक्रोवेव्ह तसाच पडून होता. दार उघडलं की आतला दिवा लागायचा, घड्याळाचे आकडे दिसायचे, पण बटण एकही ऐकायचं नाही. आईने त्याच्यावर तिचं क्रोशाचं झाकण घातलं आणि येईल त्याला सांगत बसली, "सुनेनं मारला. ओल्या फडक्यानं पुसपुसून बटनं मारली. चुलीवरची बोटं ती, त्यांना मशीनचं काय कलतंय?" शेजारच्या शोभाकाकू चहाला आल्या तरी तेच. तुझ्या हातांबद्दल ती आणखी जे बोलली ते इथे लिहीत नाही, ते ती तुझ्या तोंडावरही बोललेली आहे. तू हात लावलास की ती फ्रिजचं हँडल पुसून घ्यायची, हे आम्ही सगळेच बघत होतो. जायच्या दिवशी दारात चपला घालता घालता तू म्हणालीस, "आई, चूल तरी माझं ऐकायची." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. प्रितेशदादा तेव्हा बाथरूममध्ये होता. नेहमीसारखाच.

मी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो म्हणून तू हसायचीस. काय करू, यार्डात कंटेनरच्या सीलचा नंबर उतरवताना एक अक्षर चुकलं तर गाडी न्हावा शेवा बंदराच्या गेटवर अडते. नववीत शाळा सुटली, पण ही सवय यार्डात लागली ती लागली. तर मायक्रोवेव्हलाही मी तसाच धरला. प्लग काढून बराच वेळ ठेवला, पुन्हा लावला. मग मोबाइलवर वाचलं, की लहान मुलांसाठीचं लॉक चुकून लागलेलं असतं, थांबवायचं बटण दाबून धरलं की सुटतं. बोट पांढरं होईपर्यंत धरलं. काही नाही. सॉकेट बदलून पाहिलं, तेही फुकट. शेवटी रिपेरिंगवाल्या भगवानला बोलावलं, कारण प्लग काढला तरी आत वीज साठून राहते, आपण पत्रा उघडायचा नसतो. तो काम करत होता तेव्हाही मी प्लग माझ्या डोळ्यांसमोर स्टुलावर ठेवला होता.

भगवानने पत्रा काढला आणि दोन पावलं मागे सरकला. "शैलेश, हा मायक्रोवेव्ह हाय का झुरलांची चाळ?" म्हणाला. वहिनी, झुरळं ओट्यावरून, माझ्या पायावरून, त्याच्या पान्यांच्या पेटीत पळाली. आकडे दिसतात त्या काचेच्या मागे पिल्लांची दाटी होती, त्यांच्या पायांनी काच हलल्यासारखी वाटत होती. तपकिरी अंडी, काळ्या लेंड्या, माशांच्या तेलाचा पिवळा चिकट थर. आई कालवण झाकण न ठेवता गरम करते, त्याचे सगळे शिंतोडे वर्षानुवर्षं कुठे जात होते ते दिसलं. आणि तो गोडसर, कुजका वास. मी मोरीत जाऊन ओकलो. याच डब्यात गरम केलेलं मी लहानपणापासून खात आलो. "आकड्यांच्या मागे काहीतरी वळवळतंय," असं तूच पहिल्या महिन्यात म्हणाली होतीस. तेव्हा आई म्हणाली होती, वाडीवर विंचवांत राहिलेली, आता हिला झुरलांची किलस येते.

पण बटणं झुरळांनी मेली नव्हती. भगवानने पुढचा कीपॅड उचकटून काढला. तो म्हणजे पातळ प्लास्टिकचे दोन पदर, बोट दाबलं की एकमेकांना टेकतात आणि सुटलं की वेगळे होतात. स्टार्टच्या बटणामागे ते पदर चिकटून बसले होते. मध्ये लाल, वाळलेला खरपुडा, जखमेवर धरतो तसा. एक बटण असं कायमचं दाबलेलं राहिलं की यंत्राला वाटतं कुणीतरी बोट ठेवूनच आहे, मग ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. भगवानने तो लाल थर नखाने उकरला आणि म्हणाला, गंज नाय हा. मी वास घेतला. खालच्या फटीत तांदळाचे दाणे होते, झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या होत्या. तेव्हा कळलं.

दसरा, वहिनी. दर दसऱ्याला आई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते. बाबांची बाईक, मिक्सर, शिलाई मशीन आणि हा. स्टार्टचं बटण म्हणजे त्याचं तोंड, म्हणून तिथेच बोटाने ओलं हळदकुंकू, वर अक्षता, कोपऱ्यावर साखरेची चिमूट, आणि तिच्यामागून आम्हा सगळ्यांचं एकेक बोट कुंकू. बटणांवरचा स्टिकर तिथे सुटला होता, ओघळ आत जायचे. इतक्या वर्षांच्या दसऱ्यांचं कुंकू आत साठत गेलं, आणि साखरेने झुरळांना घर मिळालं. या दसऱ्याला आणखी एक ओघळ गेला, आणि आठवड्यात बटणं बंद. आठव, त्या दिवशी तू पूजेचं ताट उचलायला गेलीस तर आई काय म्हणाली होती. "तू नको शिवू. उभी राहून बघ." या घरात ज्याचं कुंकू त्या बटणाला कधीच लागलं नाही असा हात एकच आहे, तुझा.

मी कीपॅड आईपुढे धरला. तिने बघितला, वास घेतला, आणि तिला कळलं. मला तिचा चेहरा वाचता येतो. मग म्हणाली, "देवाच्या वस्तूनं कदी काय बिगडत नाय. आन शेजारी बोलू नको हे." बस्, एवढंच. बाबांनी मोबाइलवरून मानही वर केली नाही. दादा म्हणाला, चालू झाला ना, मग विषय संपला. भगवानने भंगारातून तसाच दुसरा कीपॅड आणून बसवला होता, आईने त्यावर क्रोशाचं तेच झाकण टाकलं, आणि रात्री त्यातच बोंबलाचं कालवण गरम केलं, पुन्हा उघडंच. मी जेवलो नाही. त्या झुरळांची आली त्याहून जास्त किळस मला त्या ताटाभोवती बसलेल्यांची आली. हात धुतले, पुन्हा धुतले, तरी जाईना.

आता हे का लिहिलं ते. येत्या रविवारी आई, बाबा आणि दादा तुला न्यायला येणार आहेत. साडी आणलीय, नारळ आणलाय. आई म्हणते, "मोठ्या मनानं माफ करायचं, शेवटी आपली सून हाय." तुला काही माहीत नसतं तर कदाचित तू खाली वाकून ती माफी घेतलीही असतीस, आणि जन्मभर ते बटण तुझ्या नावावर राहिलं असतं. म्हणून तो जुना कीपॅड पुडक्यात बांधून पाठवतोय. मी तो पुसलेला नाही. सगळं पुसायची मला किती सवय आहे ते तुला माहीत आहे, पण हा तसाच राहू दिला. आई ओटीचा नारळ पुढे करील तेव्हा आधी हा तिच्या हातात दे. नंतर यायचं की नाही ते तू ठरव, माझ्यासाठी येऊ नकोस आणि दादासाठी तर मुळीच नको. मीही त्यांच्याबरोबर येतोय, मागे उभा असेन. हे तुला कुणी दिलं असं आईने विचारलं, तर सुभाषचं नाव घेऊ नकोस. माझं सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझाच दीर,
शैलेश