पट्टा काढल्यावर

॥ श्रीविठ्ठल ॥

कुंभकोणम्,
१२ मार्च १९९५

चि. सौ. जयलक्ष्मीस वेदवतीअक्काचे अ. उ. आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझे आणि रघूत्तमांचे क्षेम लिहीत जावे.

मद्रासहून घरी येऊन पाच आठवडे झाले. टाके सुकले. खोकताना पोटाशी उशी धरावी लागते, तेवढेच. डॉक्टर कृष्णमूर्तींनी काढलेला पट्टा मला दाखवला. आठ वर्षांपूर्वी तू नोकरी करतेस त्या क्लीव्हलंडच्या इस्पितळात तो माझ्या जठराभोवती आवळला, तेव्हा मी तो पाहिला नव्हता. परकराच्या नाडीएवढा रुंद, कडा पिवळ्या पडलेल्या. जठराची भिंत खात खात अर्धा आत शिरला होता म्हणाले. आणखी चार महिने गेले असते तर वाचवता आले नसते, असेही.

आता एक सांगते, हसू नकोस. मला भूक लागते. आठ वर्षे दोन घास गिळून तिसऱ्याला घाबरायचे, आणि शेवटची दोन वर्षे तर गिळलेले सगळे उलटून यायचे. परवा यांनी कोपऱ्यावरच्या कॉफी क्लबातून इडली आणि तिच्याबरोबरचा पातळ कडप्पा आणला. मुगाच्या डाळीचा तो वास आपल्या लहानपणी होता तसाच. दोन इडल्या खाल्ल्या आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले, येईल आता म्हणून. काही आले नाही. तिथेच रडले. हे धावत आले, टाका उसवला की काय म्हणून.

मग मी तिसरी इडली खाल्ली, आणि तिची मात्र मला भीती वाटली. पट्टा काढला त्या दिवशी मी एकसष्ट किलो होते. आज पासष्ट. पट्टा बांधण्यापूर्वी एकशे बारा होते, हे तुला सांगायला नको.

तू दुसऱ्या ऑपरेशनचे लिहिलेस. जठर आणखी लहान करून आतडे वळवून त्याला जोडायचे, असे काहीसे. सध्या तो विषय नको. थोडे दिवस जेवू दे मला.

शाळा सोमवारपासून. मुलींनी माझा गणिताचा तास सुखाने बुडवला आहे, ते वसूल करीन. तुझी माया पत्रातून तरी पोचती ठेव.

तुझी,
वेदवती

◆

क्लीव्हलंड,
९ एप्रिल १९९५

ती. स्व. सौ. अक्कास जयलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरे वाटले आणि नाहीही. तू इडलीचे लिहिलेस तिथे मी हसले नाही. पण अक्का, पट्टा काढलेल्यांचे पुढे काय होते ते मी रोज पाहते. वर्षभरात बहुतेकांचे होते तेवढे वजन परत येते, कित्येकांचे त्याहून जास्त. तुझे गुडघे, आपल्या आईची साखर, सगळे आठव. तू सव्वीस पावले चालून ओट्यावर बसायचीस ते मी विसरलेले नाही.

इथले नवे सर्जन मी गाठले आहेत. बायपास म्हणतात त्या ऑपरेशनला. ऑक्टोबरची तारीख मी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. तू फक्त ये. दर सोमवारी वजन करून मला लिही, आकडा लपवू नकोस.

आणखी एक. पट्टा कधीपासून आत शिरत असावा याबद्दल डॉक्टर काही बोलले का? बोलले असतील तर तेही लिही. सहज विचारते आहे.

भाऊजींस नमस्कार. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी,
जयलक्ष्मी

◆

कुंभकोणम्,
१७ जुलै १९९५

चि. सौ. जयलक्ष्मीस अ. आशीर्वाद.

एकोणऐंशी. तुला आकडा हवा होता.

मी काही फार खाते असे नाही. सकाळी कॉफी, दुपारी ताकभात, रात्री दोन दोशे. तरी ब्लाउजांच्या शिवणी दर महिन्याला सोडवते आहे. गोविंदपुरम्‌च्या भजनाला जाणे बंद केले. तिथे सगळ्यांनी मला बारीक होताना पाहिले होते, आता त्यांच्या नजरा पोटावरून खाली उतरतात. शाळेतल्या विशालाक्षीच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही, ताप आहे असे कळवले.

साखर तपासली, थोडी वर आहे.

तू जिंकलीस. ऑक्टोबरची तारीख राहू दे. मी येते. आधीच्या ऑपरेशनचे कागद तुझ्याकडे असतील तर डॉक्टर कृष्णमूर्तींना पाठव, त्यांनी दोनदा मागितले. पट्टा केव्हा शिरू लागला हे त्यांना नक्की सांगता येत नाही, पण चार-पाच वर्षे तरी झाली असावीत, असे त्यांचे मत.

बाकी काही लिहिण्यासारखे नाही. आठवण काढीत जा.

वेदवती

◆

कुंभकोणम्,
२० ऑगस्ट १९९५

चि. सौ. जयलक्ष्मीस वेणुगोपाळचे आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्या अक्काला न सांगता लिहितो आहे. असे करण्याची मला सवय नाही, म्हणून थोडके लिहितो.

ती माझ्याबरोबर जेवत नाही. वाढते, बसून राहते, मग स्वयंपाकघरात उभ्याने काय खाते ते मला कळत नाही. गेल्या आठवड्यात तिच्या कपाटात पंचांग शोधताना रेल्वे स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्राची तिकिटे सापडली. एकतीस होती. शाळेतून येताना वाट वाकडी करून ती रोज स्टेशनावर जाते. घरी काटा आहे, पण माझ्यासमोर ती त्यावर चढत नाही.

ती तुला येते म्हणाली, पण अमेरिकेचे नाव निघाले की ती दुसराच विषय काढते. म्हणून मी एकटाच मद्रासला जाऊन डॉक्टर कृष्णमूर्तींना भेटलो. ते म्हणाले, त्याच जागी दुसऱ्यांदा चाकू लावायचा तर आतले सगळे चिकटलेले असते. जोड फुटण्याचा धोका शंभरात पाच-सहांना. पहिल्या वेळी तो शंभरात एकालाही नव्हता. करूच नये असे ते म्हणाले नाहीत. वर्षभर थांबून, तिने स्वतः ठरवून करावे, असे म्हणाले.

शेवटी त्यांनी मला एक विचारले, तेच तुला विचारतो. असे पट्टे बांधलेल्यांना परदेशातल्या काही इस्पितळांनी पुन्हा तपासणीला बोलावले होते, असे त्यांनी वैद्यकीय मासिकात वाचले आहे. वेदवतीला तसे बोलावणे आले होते का? इथे तर काही आले नाही. तिचा पत्ता तिथल्या दप्तरात तुझ्या घरचा दिलेला होता.

सरळ उत्तर दे. जे असेल ते.

वेणुगोपाळ

◆

क्लीव्हलंड,
९ सप्टेंबर १९९५

ती. स्व. सौ. अक्कास सा. न.

प्रश्न भाऊजींनी विचारला आहे, पण उत्तर तुझे आहे.

बोलावणे आले होते. १९९० च्या जूनमध्ये. काही जणांचे पट्टे जठरात शिरलेले आढळले, तरी सर्वांनी येऊन किंवा आपल्या गावी दुर्बीण घालून तपासून घ्यावे, असे पत्र होते. मी ते वाचले आणि ठेवून दिले.

त्याच आठवड्यात तुझे पत्र आले होते. स्वामीमलईच्या देवळाच्या साठही पायऱ्या न थांबता चढलीस, सहासष्ट किलो झालीस, वर जाऊन माझ्या नावाने नारळ फोडलास. आप्पा वडील म्हणून या ऑपरेशनच्या विरुद्ध होते हे तुला ठाऊक आहे. देवाने दिलेले पोट बांधू नका, असे ते म्हणाले होते, आणि मी त्यांना अडाणी म्हटले होते. मी चुकले हे त्यांना लिहावे लागले असते. थोड्या दिवसांनी लिहू म्हटले. पुढच्या वर्षी आप्पा गेले. मग तुला ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा एवढ्या उशिरा कसे सांगायचे, म्हणून सांगितले नाही. तुला मद्रासच्या डॉक्टरकडे जा म्हणून मी तेवढी मागे लागले, त्याचे कारण हे होते.

ऑक्टोबरची तारीख मी धरली, ती माझी चूक मला भरून काढायची होती म्हणून.

अजून एक आहे. पत्रे दोन होती. दुसरे माझ्या नणंदेचे, धनलक्ष्मीचे. तुला पाहून तिनेही दुसऱ्या वर्षी इथे येऊन पट्टा बांधून घेतला होता. तिचाही पत्ता आमच्याच घरचा होता. तिला मी आजतागायत काही कळवलेले नाही. रघूत्तमांनाही ठाऊक नाही.

माया कर असे आज लिहवत नाही.

जयलक्ष्मी

◆

मद्रास,
३ ऑक्टोबर १९९५

जयलक्ष्मीस,

तुझे पत्र २२ तारखेला शाळेच्या पत्त्यावर आले. वाचले, घडी घातली आणि दहावीचा तास घेतला. फळ्यावर वर्तुळाला स्पर्शिका काढली. तास संपल्यावर हेडमिस्ट्रेसकडून रजा घेतली आणि तशीच धनलक्ष्मीच्या सासरी जायला तंजावरच्या बसमध्ये बसले. यांना तिथल्या पोस्टातून फोन केला.

धनलक्ष्मी ओसरीवर बसली होती. मी तिला ओळखले नाही. आवाजावरून ओळखले. दीड वर्ष ती पेजेवर आहे. सासूने दोन देवळांत नवस केले, एका वैद्याने पित्त म्हणून काढे दिले. मी विचारले, मला का कळवले नाहीस. ती म्हणाली, तुम्हाला इतके चांगले मानवले, तेव्हा वाटले की माझेच काहीतरी चुकते आहे, मीच नीट चावत नसेन.

तूही बांधून घे, असे तिला मीच म्हटले होते, जया. १९८८ च्या संक्रांतीला, आपल्या घरी, आरशासमोर उभी राहून. मी तिला माझी जुनी साडी दोनदा गुंडाळून दाखवली होती. तू दोष एकटीकडे घेतलास, तो तेवढा एकटीचा नाही. पण पत्र ठेवलेस ते तूच.

दुसऱ्या दिवशी तिला मद्रासला आणले. कृष्णमूर्तींनी दुर्बीण घातली आणि लगेच बाहेर येऊन रक्त द्यायला माणसे जमवा म्हणाले. पट्टा जवळजवळ सगळा आत होता. २९ ला ऑपरेशन झाले. परवापासून ताप एकशे तीन आहे. पोटात घातलेल्या नळीतून जे येते ते पाहून नर्स माझ्याकडे बघत नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगत नाही.

माझी तारीख रद्द कर. ऑक्टोबरचीच नव्हे, तू धरलेली कुठलीही.

वेदवती

◆

क्लीव्हलंड,
१६ ऑक्टोबर १९९५

ती. स्व. अक्कास सा. न.

तुझे पत्र आज आले. तंजावरचा फोन लागत नाही. यांना फक्त बहीण आजारी आहे एवढेच कळले आहे, ते दिवसभर फोनपाशी बसून आहेत. वन्संचे काय झाले? मला शिव्या दे, पण आधी ती एक ओळ लिही. तार कर.

जयलक्ष्मी

◆

कुंभकोणम्,
२८ जानेवारी १९९६

चि. जयलक्ष्मीस आशीर्वाद.

धनलक्ष्मी वाचली हे तारेने कळवले होते, त्यापुढे मी लिहिले नाही. लिहिण्याजोगे मन नव्हते. नऊ दिवस ताप होता, दुसऱ्यांदा पोट उघडून पू काढावा लागला. आता ती आमच्याकडे आहे. मऊ भात खाते. गेल्या एकादशीला तिने स्वतः उठून वरीचे तांदूळ शिजवले आणि मीठ घालायला विसरली. आम्ही दोघींनी तसेच खाल्ले.

रुग्णालयात बसून असताना मी माझे प्रश्न वहीत लिहून काढले होते, चौदा झाले. कृष्णमूर्तींनी सगळ्यांची उत्तरे दिली. ज्यांचे ठाऊक नव्हते तिथे ठाऊक नाही म्हणाले. बायपासनंतर जन्मभर इंजेक्शने आणि गोळ्या, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. तूही नाही.

मी आज सत्त्याऐंशी किलो आहे. तीन महिने तिथेच आहे. साखर गोळीने आटोक्यात आहे. सकाळी कावेरीच्या काठाने मैलभर चालते, गुडघा दुखतो, तरी चालते. जेवायला आता यांच्या समोर बसते. ऑपरेशन मी करणार नाही, असा माझा निर्णय आहे. मला बारीक व्हायचे नाही असे समजू नकोस. रोज व्हावेसे वाटते. सहासष्ट किलोची मी मला स्वप्नात दिसते. पण शंभरात पाच-सहांची जोड फुटते म्हणजे काय, ते मी नऊ दिवस पलंगाशी बसून पाहिले. उद्या साखर हाताबाहेर गेली तर पुन्हा वही उघडीन. तेव्हा तुला विचारीन तेवढेच सांग, पण सगळे सांग.

मी तुला क्षमा केली का, असे तू तीन पत्रांत विचारलेस. नाही केली. तुझे पत्र आले नाही तर टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लागतात, हेही खरे. दोन्ही एकदम असतात असे दिसते.

आता महत्त्वाचे. बोलावण्याच्या पत्राचे मी धनलक्ष्मीला पोंगलच्या दिवशी सांगितले. तिला ते ठाऊक असायला हवे होते. ती म्हणाली, मी माझ्या भावाला लिहिणार. मी तिला अडवले नाही, फक्त चार आठवडे थांब म्हटले. तुझे हे पत्र पोचेल त्याच सुमारास तिचे इथून टपालात पडेल. विमानाच्या टपालाला बारा दिवस लागतात. रघूत्तमांना ते तुझ्या तोंडून कळायचे असेल, तर तेवढे दिवस तुझ्या हाती आहेत.

तुझी अक्का,
वेदवती