वेलीची पट्टी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

बीदर,
४ सप्टेंबर २०२४

चि. राजशेखर यास मल्लिकार्जुनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू नोकरी करतोस त्या गुलनार हॉटेलात माझ्या हातची कामं ही: स्वागतकक्षामागची साडेसात फुटी वेलीची पट्टी, बिदरीचे छत्तीस तुकडे सागवानी फळीवर बसवलेले, अठ्ठेचाळीस खोल्यांच्या किल्ल्यांचे बिल्ले, जेवणघराच्या दाराच्या चार मुठी, बावीस राखदाण्या, आणि मोठ्या मालकांच्या टेबलावरची दौत, जिच्यात त्यांनी कधी शाई घातली नाही. धातू मी ओतला, चांदीची तार मी ठोकली, काळा रंग चढवायला किल्ल्यातली माती मी कालवली. कुणा उस्तादानं शिकवलं नाही. बिघडलेल्या सुरयांनी शिकवलं.

हे आत्ता कामून सांगायलोय? तीस तारखेला गुलनार बंद होणार अन् सामान लिलावात जाणार, असं तू कळवलंस म्हणून. माझं काम कुठं जायलंय ते मला कळलं पाहिजे.

धाकटे मालक बंद पडण्याचं कारण देतात ते वाचून हसलो. म्हणे, बाजार बदलला. बाजार काल बदलला व्हय? मुंबईहून सल्लागार आणला. त्यानं किल्ल्या काढून प्लास्टिकची पत्ती दिली, माझे बिल्ले पोत्यात भरले, मुठी जुनाट म्हणून उपटल्या. खोलीचं भाडं साडेसहा हजार, अन् न्हाणीतला नळ गळायचा तो गळतोच. गळक्या नळाला सल्लागार लागत न्हाई, वायसर लागतो.

नेत्रावतीला आशीर्वाद. लोभ बिदरीच्या भांड्यासारखा ठेव. मधूनमधून तेलाचा हात फिरवला की झालं.

तुझा,
मल्लिकार्जुन अण्णा


कलबुर्गी,
११ सप्टेंबर २०२४

ती. अण्णास राजशेखरचे शरणु शरणार्थी. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवरचा शब्द पुसला जातो म्हणून तुम्ही पत्रं लिहिता, अन् आमचा पोस्टमन कोर्टाचं काही चालू आहे का म्हणून विचारतो.

नळाचं खरं आहे. पण अण्णा, नुसत्या नळानं हॉटेल बुडत न्हाई. सिमेंट कंपनीचे साहेब आठ-आठ दिवस राहायचे. त्यांच्या बैठका आता पडद्यावर होतात. तुरीच्या डाळीचे व्यापारी सकाळच्या रेल्वेनं येऊन संध्याकाळी परत. लग्नं रिंगरोडच्या लॉनवर गेली. जागेला एवढा भाव आलाय की खोल्या भरण्यापेक्षा पाडण्यात फायदा. अन् खरं सांगू का? तुम्ही स्वतः इथं आलात की स्टेशनजवळच्या लॉजवर उतरता. गुलनारचा चहा दोनशे ऐंशीचा म्हणून अठ्ठावीस वर्षांत एकदाही प्यालात न्हाई.

आता मुद्द्याचं. लिलावाचं काम बेंगळूरच्या महेशकुमार नावाच्या व्यापाऱ्याकडे आहे. त्यांच्या जाणकारानं तुमची पट्टी निजामाच्या काळातली ठरवली. मी सांगितलं, माझ्या भावानं केलीय. तो हसला, असा हात आता उरला न्हाई म्हणाला. महेशकुमारांना मात्र पटलं, अन् पट्टी नवी निघाली तर भाव पडेल म्हणून ते घाबरलेत. त्यांचं म्हणणं, तुम्ही फक्त चार ओळी लिहून द्याव्यात की पट्टी आधीचीच होती, तुम्ही १९९६ साली दुरुस्त केली. तुम्हाला चार लाख, अन् मला त्यांच्या इथल्या नव्या दुकानात व्यवस्थापकाची जागा. गुलनारची माझी नोकरी तीस तारखेला संपते, अन् मला बावन्न लागलं. या वयात दारात कुणी उभं करत न्हाई, सहा ठिकाणी जाऊन आलो. नेत्रावतीला यातलं अजून काही सांगितलेलं न्हाई.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमचा,
राजशेखर


बीदर,
१६ सप्टेंबर २०२४

चि. राजशेखर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चहाचं मान्य. दोनशे ऐंशीत मी अख्ख्या कमठाणा गावाला चहा पाजीन.

त्या जाणकाराबद्दल काय लिहू! पट्टीसमोर उभा राहून तिचं वय सांगितलं अन् एक स्क्रू फिरवून पाहिला न्हाई. दोन वर्षांमागं माझ्या मुठी जुनाट म्हणून उपटल्या, अन् त्याच हातची पट्टी यंदा पुरातन झाली. लोणचंसुद्धा इतक्या लवकर मुरत न्हाई. हातात हत्यार न धरता मत देणाऱ्यांनीच गुलनार बुडवलं, अन् आता तेच भंगार विकायलेत.

एक तुला ठाऊक न्हाई. पट्टी बसवली तेव्हा भिंत उजवीकडं खोल होती. पट्टीचं ते टोक हलायचं. पिशवीत तुझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या. त्यातली एक चार घड्या करून मागं कोंबली. तिथं तारीख आहे, १२ मे १९९६. तुझं नाव, नेत्रावतीचं, अन् निमंत्रक म्हणून आपल्या माउलीचं, बसम्मा अव्वाचं. निजामाच्या काळात तुझं लग्न झालं होतं असं लिहून देऊ?

ते काम तूच मला मिळवून दिलंस. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, तरी मोठ्या मालकांपुढं माझ्यासाठी तोंड उघडलंस. ते मी विसरलो न्हाई. माझ्या नकारानं तुझी जागा जाते, हेही कळतं. तेव्हा एक तारखेला बीदरला ये, माझ्या दुकानात बसायला. मी गिऱ्हाइकाशी भांडतो, म्हणून निम्मी परत जातात. आल्या माणसाला बसा म्हणायचं कसं, ते तुझ्याइतकं मला येत न्हाई. अन् नेत्रावतीला आजच सांग.

इथला जिव्हाळा हाती ठोकलेल्या तारेचा आहे, निसटायचा न्हाई.

तुझा,
मल्लिकार्जुन अण्णा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच महेशकुमार स्वतः गाडी घेऊन दुकानात आले. आता लिहून काही नको म्हणाले. फक्त लिलाव होईस्तोवर मी गप्प बसावं, अन् तुझी जागा पक्की. मी न्हाई म्हणालो. नऊ लाख देत होते.