अंधारातही चालणारी पावडर

सोमवार, ३
पीएचडीचं सहावं वर्ष. गाइड सर म्हणाले, शुक्रवारी समितीला रिझल्ट दाखव, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. हात्तिच्या! पावडर तर तयार आहे. टायटॅनियम ऑक्साइडचे नॅनोकण, त्यांवर कार्बन. साध्या दिव्याच्या उजेडात पाण्यातला रंग तोडणार. आजपासून शिस्त. चहा बंद.

सोमवार, दुपार
चहा घेतला. डोकंच चालेना.

मंगळवार, ४
निळं पाणी, चिमूटभर पावडर, वर दिवा. जेवून येतो तो पाणी निवळशंख! एकटाच नाचलो. बायकोला फोन केला. ती म्हणाली, छान, आता नोकरीचं बघ. कौतुक करायला जीभ झिजते का?

बुधवार, ५
सरांनी विचारलं, अंधारात ठेवून पाहिलंस ना? म्हटलं, हो तर! (नाही पाहिलं. उजेडाच्या पावडरीला अंधार कशाला?) स्लाइड्स केल्या. पहिलीवर माझा फोटो. शेवटचीवरही.

संध्याकाळ
चैन पडेना. एक बीकर काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. उगाच, मनाच्या समाधानासाठी.

गुरुवार, ६
कपाट उघडलं. पाणी स्वच्छ! लॅबभर येरझाऱ्या. मग लख्ख कळलं: माझ्या पावडरीला उजेड लागतच नाही! लोक अजून दिवेच लावत बसलेत. स्लाइडचं शीर्षक बदललं: ‘अंधारातलं प्रकाश-उत्प्रेरण’. जगात पहिलंच असणार.

शुक्रवार, ७
समितीतल्या बाईंनी विचारलं, रंग तुटला, की नुसता कार्बनला चिकटला? म्हटलं, तुटलाच, पैज लावा. त्यांनी खाली बसलेली पावडर मागवली, तिच्यावर अल्कोहोल ओतलं, हलवलं. सगळा निळा रंग बाहेर, जसाच्या तसा. मी म्हणालो, म्हणजे रंग परतही मिळतो, हा वेगळा फायदा. कोणी हसलंसुद्धा नाही.

शनिवार, ८
रजिस्ट्रेशन रद्द. फार वाईट वाटतंय. सरांना म्हटलं, एक महिना मिळाला असता तर सगळं नीट केलं असतं. सर म्हणाले, अंधारातली टेस्ट राहिलीय असं बुधवारी सांगितलं असतंस, तर मी मुदत मागणार होतो. अर्ज सही करून खिशातच होता. तू हो म्हणालास, म्हणून फाडला.