बहिणीच्या नावानं घासाघीस

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
१२ फेब्रुवारी २०२५

ती. शिवलीला अक्का,

धनाचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. ह्यांच्या कारखान्यात काम भरपूर आहे. आमच्या मुग्धाने ऑफिसातून सुट्टी काढून आम्हा दोघांना बालीला फिरवून आणलं. पहिल्यांदाच विमानात बसले. हे मात्र खिडकीची जागा पटकावून घोरत होते!

तिथला बाजार तू बघायला हवा होता. लाकडी मांजरं, टोपल्या, रंगीत कापडं, आणि भाव सांगताना बायका अशा हसतात की आपण विरघळावं. मी कसली विरघळते! अर्ध्यावर मागायचं आणि दिलं नाही तर पाठ फिरवून चालायला लागायचं, ही तुझीच शिकवण. निपाणीच्या बाजारात तू माझा हात घट्ट धरायचीस, वळून बघू द्यायची नाहीस. मुग्धा लाजून लांब उभी होती. एकदा तर भाव पाडायच्या भरात तोंडातून कानडीच निघालं, "स्वल्प कम्मी माडी!"

एक दुकानदारीण होती, वायान नावाची. तिच्याकडे एक निळी शाल होती, बारीक नक्षीची. भाव काही केल्या उतरेना. मी पाठ फिरवली, तरी हाक आली नाही. तेव्हा परत वळले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "थोरल्या बहिणीसाठी हवी आहे. बहीण आजारी आहे, ऑपरेशन झालंय."

वायानचं हसू गेलं. तिने शालीची घडी करून माझ्या हातात दिली. पैशाला हात लावेना. देवापुढचं फूल काढून शालीत ठेवलं आणि म्हणाली, "मीही घरात थोरली. तिच्यासाठी प्रार्थना करीन." मग मुग्धाचा नंबर मागून घेतला.

मी शाल घेतली, अक्का. गपचूप घेतली. इथे आल्यावर भिशीला मीच पांघरून गेले. बायकांनी कौतुक केलं, तर म्हणाले, "फार घासाघीस करावी लागली."

तुला वाटेल, जिभेवर आलं ते बोलून गेले. तसं नाही. तुझ्या योगीराजने दिवाळीआधीच कळवलं होतं, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. मी त्याला "काळजी घ्या" एवढं लिहून मोकळी झाले. तुला फोन केला नाही. आईच्या तेराव्याला तू म्हणालीस, "तू पाहुणी आहेस धना, तू बस," ते मनात धरून होते. आईचं सगळं दुखणं तू एकटीने काढलंस. मी खरंच पाहुणीसारखी आले होते.

ज्या दुखण्याची साधी चौकशी केली नाही, तेच एका शालीसाठी बाजारात पुढे केलं. लाज वाटते गं. फोनवर हे बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे.

वायान मुग्धाच्या फोनवर अजून विचारत असते, बहीण कशी आहे? काल पुन्हा विचारलं. मुग्धा म्हणाली, "आई, मावशी ओके आहे ना? मी रिप्लाय काय करू?" मी भाजी चिरत होते, तशीच चिरत राहिले.

शाल सोबत पाठवते आहे. ती तुझीच आहे. रागाने परत केलीस तरी चालेल, पण त्यात दोन ओळी लिहून ठेव.

अक्का, गुडघा कसा आहे? चालतेस ना?

एका परक्या बाईच्या मागून विचारणारी,
तुझी धना