जोत्यातली गोणी

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
४ डिसेंबर १९८८

चि. बाळ यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे मी व सौ. उमा ठीक आहोत. चिरंजीवाची भुसावळची बदली काही रद्द होत नाही, तुझी वहिनी तर केव्हाच गेली, तेव्हा घरात सासरा आणि सून दोघंच. कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यातून रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी नदीवर जातो आणि दगड वेचतो, हे तुला ठाऊकच आहे. आळीतली मंडळी मला धोंडोपंत म्हणू लागली आहेत. लोणच्याच्या बरण्यांची फळी मी दगडांनी भरली म्हणून उमा कुरकुरते, पण चहा वेळेवर देते.

गेल्या रविवारी नदीच्या काठच्या वाळूगोट्यांत एक चीज मिळाली. तळहाताएवढी, काळसर गारगोटीची, आदिमानवाची हातकुऱ्हाड. टोक मोडलेलं. पण गंमत पुढेच आहे. त्या माणसाने ती टाकून दिली नाही. मोडक्या बाजूला नव्याने टवके काढून धार केली आणि कातडी खरवडायला वापरली. मी भिंगाखाली दोन तास बघत होतो. दोन्ही कामं जुन्याच हातांची आहेत, माझी खात्री आहे.

जानेवारीत अंबरनाथच्या वाचनालयात प्रदर्शन आहे. पुण्याचे ते पुरातत्त्वाचे प्रोफेसर येणार आहेत, तुझी त्यांची ओळख आहे ना? दगड कसा आणावा ते त्यांना विचार. जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर सह्या केल्या रे. एकदा एखाद्या वस्तूखाली चिठ्ठीवर माझं नाव यावं एवढीच हौस आहे. लहानपणी तुलाही दगडांचा नाद होता, नाही का? सुटला ते बरं झालं. बँकेत छान रुळलास.

सौ. कुंदास आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहो.

तुझा
दादा

—

पुणे
१५ डिसेंबर १९८८

ती. दादास बाळचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कुंदा आणि मी पुष्कळ हसलो. धोंडोपंत हे नाव ठेवणाऱ्याला माझ्यातर्फे चहा पाज. या वयात थंड पाण्यात उभा राहतोस, कानाला मफलर तरी गुंडाळत जा.

प्रोफेसरांना मुद्दाम भेटलो. ते म्हणाले, अख्खं हत्यार कुणीही ओळखतो, मोडलेलं आणि पुन्हा घडवलेलं ओळखायला नजर लागते. तुझं त्यांना फार कौतुक वाटलं. मात्र दगड स्वच्छ हवा असं त्यांचं म्हणणं आहे. मळकटपणामुळे टवके नीट दिसत नाहीत. रात्रभर पातळ ॲसिडमध्ये ठेव आणि मग उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एखाद्या बफिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंनी चाक फिरवून घे. इन्स्पेक्शनला माल चकचकीत लागतो हे तुला मी काय सांगायचं.

निकाल कळव. तुझं नाव लागलेलं बघायची मला तुझ्याहून जास्त घाई आहे.

आशीर्वादाची आठवण असू दे.

तुझा
बाळ

—

हेंद्रेपाडा, बदलापूर
२ फेब्रुवारी १९८९

चि. बाळ यास आशीर्वाद.

तुला लगेच लिहिणार होतो, पण हात उचलला नाही. तू सांगितलंस तसं सगळं केलं. कॅम्प दोनमधला सिंधी कारागीर खूश होऊन म्हणाला, साईं, ऐसा पत्थर तो मंदिर में भी नहीं मिलेगा. मीही तो रुमालात गुंडाळून मोठ्या ऐटीत अंबरनाथला नेला.

प्रोफेसरांनी तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, ही धार कुणी काढली आणि कधी. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावलं. दगड फुटला की आतून ताजा असतो. हजारो वर्षांच्या ऊनपाण्याने त्याच्यावर राप चढतो. नव्या टवक्यांवर जुना राप असेल तर ते काम जुनं. नसेल तर कुणीतरी काल-परवा केलेलं. माझ्या दगडावर कुठेच राप नाही. राप घालवणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, असं ते म्हणाले. वाचनालयाच्या लोकांनी माझ्या नावाची चिठ्ठी माझ्यासमोर काढली. आता आळीतली पोरं विचारतात, काका, आज कुठलं हत्यार बनवलं?

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. तुम्ही बाळचे भाऊ का, मी त्यांना डिसेंबरातच सांगितलं होतं की फडक्यानेसुद्धा पुसू नका, असं म्हणाले. बाळ, तुझी समजण्यात काही चूक झाली असेल. तसं लिही, म्हणजे माझं मन निवेल.

एक वाट त्यांनी ठेवली आहे. त्याच काठावरचा, असाच मोडून पुन्हा घडवलेला, राप शाबूत असलेला दुसरा दगड दाखवला तर ते माझ्यावर विश्वास ठेवतील आणि त्याच लोकांसमोर शब्द मागे घेतील. रोज जातो. नदी काही देत नाही. सोंगाड्या म्हणून मरायचं नाही रे मला.

दादा

—

पुणे
११ फेब्रुवारी १९८९

ती. दादास शि. सा. न.

माझी समजण्यात चूक झाली नाही. त्यांनी सांगितलेलं मी नीट ऐकलं होतं.

तुला आठवत नाही, म्हणून आठवण करून देतो. अडुसष्ट साली तू बदलापूरचं घर बांधत होतास आणि मी तुझ्याकडे शिकायला होतो. माझी एक गोणी होती. कॉलेज सुटलं की नदीवर जाऊन दोन वर्षं वेचलेले दगड. प्रत्येकाची जागा मला पाठ होती. जोतं भरायला मुरूम कमी पडला आणि तू गड्यांना सांगितलंस, ती पोराची गोणी ओता. रात्री जेवताना म्हणालास, खेळ पुरे झाले, बँकेचा अर्ज भर. वहिनीने भात वाढला, मी खाल्ला, अर्ज भरला.

तुला हवा तसा एक दगड त्या गोणीत होता. टोक मोडलेला, पुन्हा धार काढलेला, राप शाबूत. तोच काठ. वीस वर्षं तू त्याच्यावर पाट मांडून जेवतो आहेस. मधल्या खोलीखाली बघ.

तब्येतीला जप.

बाळ

—

बदलापूर
९ मार्च १९८९

ती. बाळकाकांस उमाचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, पण आता दुसरं कुणी नाही. मामंजींनी मधल्या खोलीच्या फरश्या उखडल्या. गडी लावू देत नाहीत, गड्यांनी एकदा घाण केली म्हणतात. स्वतः पहार मारतात. आता स्वयंपाकघर खणून झालं. मी ओट्यावर बसून पोळ्या लाटते आणि खाली मुरमाचे ढीग आहेत. हातांना फोड आले, रात्री धाप लागते. डॉक्टरांनी पहार हातात धरायची नाही असं बजावलं आहे.

निघतात ते साधेच गोटे. जोतं ठोकताना धुम्मस मारून कितीतरी फुटलेले. आता ते एकही दगड धूत नाहीत. मातीसकट वर्तमानपत्रावर ठेवतात, भिंग लावतात आणि तो नाही म्हणतात. तुमच्यावर ते रागावलेले नाहीत. मला म्हणाले, बाळचे दगड मी मातीत घातले, ते मीच वर काढायला हवेत. असं म्हणताना ते रडले, काका. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

तुमचाच शब्द ते ऐकतील. तुमच्या आठवणीत चूक झाली, असं दोन ओळींत लिहा. मी पदर पसरून मागते.

काकूंना नमस्कार. आमच्यावरची माया आटू देऊ नका.

आपली
उमा

—

पुणे
१६ मार्च १९८९

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

तू समजूतदार मुलगी आहेस म्हणून खरं सांगतो. मुरूम कमी पडतोय हे मला आदल्या दिवशीच दिसलं होतं आणि दादाचा स्वभावही मी ओळखून होतो. रात्री मी माझे दगड ट्रंकेत भरले आणि गोणीत नदीतले साधे गोटे घातले. ट्रंक माझ्याबरोबर पुण्याला आली. दादा शोधतो आहे तो दगड आत्ता माझ्यापुढे टेबलावर आहे. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून तो त्यांच्यावर ठेवतो. राप जसाच्या तसा आहे, मी त्याला कधी फडकं लावलं नाही.

एका पार्सलने दादाचं नाव धुऊन निघेल, हे मला कळतं. पण गोणी ओतायला सांगताना तिच्यात काय आहे हे त्याने बघितलं नव्हतं. माझेच दगड आहेत असं समजून त्याने ती ओतली. मी पाठवणार नाही.

हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर तो पहार खाली ठेवेल, पण त्यानंतर त्याच्याकडे करायला काय उरेल ते बघ. नाही सांगितलंस तर निदान आशा राहील. आता हे तुझ्याकडे दिलं, मी मोकळा झालो.

कुंदाने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलं आहे. कुणी येणारं भेटलं की पाठवते. माया आहे, ती कुठे जात नाही.

तुझा
बाळकाका

ता. क. दादाला म्हणावं, देवघराखालचा कोपरा अजून राहिला असेल.