डाव्या बाजूचे तिसरे छिद्र

चिंचणी

प्रिय हेमांगी,

सकाळपासून मी घरात शीळ घालत फिरतो आहे, अशी तुझ्या आईची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला न शोभणारा हा उत्साह कशामुळे, ते क्रमाने सांगतो. क्रम सोडला तर मी थेट शेवटाकडे धावेन.

आपली पांढरी गाडी मासवणच्या मोरीवर कठड्याला धडकली, तेव्हापासून दीड वर्ष वाडीत चिकूखाली उभी होती. गेल्या महिन्यात ती कुंदनच्या गॅरेजात नेली. डाव्या चाकावरचा पत्र्याचा सांगाडा, ज्याला ते लोक एप्रन म्हणतात, पार चेपला होता. सस्पेन्शनचा माथा त्यालाच तीन बोल्टांनी धरलेला असतो. नवा मिळेना, म्हणून बोईसरच्या भंगार गोदामांत जुना शोधू लागलो. तीन वर्षांपूर्वी टेम्पोने धडक दिली, तेव्हाचा एप्रनही मीच तिथून आणला होता आणि कुंदननेच तो बसवला होता.

या वेळी मात्र रीतसर निघालो. गाडीच्या उजव्या, कधीच मार न लागलेल्या बाजूवर पुठ्ठा ठेवून छिद्रांचा नमुना कापला. तो उलटा केला की डावी बाजू. चासी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते काढले. खिशात लोहचुंबक ठेवले, कारण पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असेल तिथे ते धरत नाही. गोदामाचा मालक धर्मेश पहिल्या दिवशी हसला : “काका, पार्ट घेताय का पत्रिका जुळवताय?” चौथ्या दिवशी त्याने स्वतःच चुंबक मागून घेतले. आणि सहावा तुकडा जुळला, हेमांगी! तिन्ही छिद्रांतून पलीकडचा उजेड दिसला. भर गोदामात मी टाळी वाजवली.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण कुंदनने कापून काढलेला जुना एप्रन समोर पडला होता, म्हणून त्यावरही पुठ्ठा ठेवून पाहिला. दोन छिद्रे जुळली. तिसरे जुळेना. ते लांबट होते आणि कडेला, रंगाखाली, कानशीचे वळ होते. अपघाताने पत्रा वाकतो, हे मान्य. अपघात कानस मारत नाही.

कुंदन माझा जुना विद्यार्थी. खाली बघत म्हणाला, “सर, तवाच बोललो होतो, भोक बसत नाय. तुमी म्हणालात, नाव एक, साल एक, म्हणजे पार्ट एक. तुमच्यापुढं मी काय बोलणार?” मला तो दिवस शब्दशः आठवला. आपली गाडी बनली त्या वर्षाच्या मध्यावरच कंपनीने रचना बदलली होती. माझे गृहीतक खोटे होते, आणि ते खरे ठरावे म्हणून या आज्ञाधारक विद्यार्थ्याने छिद्र घासले. तेव्हापासून डावे चाक किंचित कललेले होते. असे चाक गाडीला एका बाजूला ओढते.

मासवणहून परतल्यावर, आईच्या मनगटाला प्लास्टर असताना, तू एवढेच म्हणाली होतीस, “बाबा, गाडी डावीकडे ओढत होती.” आणि मी भरल्या घरात सिद्ध केले की नवशिका चालक नेहमी वाहनाला दोष देतो, तू नवशिकी आहेस, सबब तुझे म्हणणे त्याज्य. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस, आणि नाशिकहून तुझा फोन फक्त आईला येतो. तू खरे बोलत होतीस. चूक माझी होती. त्या दिवशी घरात असलेल्या प्रत्येकाला मी फोन करून हे सांगितले आहे. आज सकाळी तारापूरच्या सरळ रस्त्यावर कुंदनने क्षणभर हात सोडले. गाडी नाकासमोर धावली आणि मी शेजारी बसून आनंदाने ओरडलो. पण कुंदन अजूनही मला नाही म्हणायला घाबरतो, म्हणून त्याची साक्ष मी ग्राह्य धरत नाही. या पाकिटात किल्ली आहे. तू ये आणि चालव. मी शेजारी बसेन. ओढते म्हणालीस, तर आधी उतरून चाक बघेन.

तुझाच,
बाबा