माळ्यावरचा चित्रकार

प्रिय धाकटे,

तू लग्न होऊन शहरात गेलीस, मागोमाग आई गेली, आणि या घरात मी आणि शिडांचं कापड एवढेच उरलो. गिऱ्हाईक येतं, "फाटलंय, लवकर शिवा" म्हणतं, जातं. तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

उन्हाळ्यात माळ्यावरची खोली एका चित्रकाराला भाड्यानं दिली. इतका अबोल माणूस की आधी वाटलं, मुकाच आहे! दिवसभर खिडकीत बसून नदीवरचं आपलं बंदर काढायचे. कागदावर नाही गं, तांब्याच्या पत्र्यावर. त्यावर मेण चढवायचं, सुईनं ओरखडायचं, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. ओरखडलेलं तेवढं तेजाब खातं. त्या रेघांत शाई भरून चित्र छापतात. धक्के, माल उचलायच्या याऱ्या, डांबराच्या कढया, ओझ्याखाली वाकलेले हमाल, सगळं हुबेहूब. पण डावं ते उजवीकडे! मी न राहवून म्हटलं, "अहो, बंदर उलटं झालंय." तेव्हा पहिल्यांदा हसले. "छापलं की सुलटं होतं," म्हणाले.

मग काही ना काही निमित्त काढून मी जिना चढायला लागले. त्यांची बायको वारल्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ते उभ्यानंच जेवतात. बसलं की समोरची रिकामी खुर्ची दिसते म्हणे. मी शिवणाचं टेबल आवरलं आणि दोघांची ताटं मांडली. ते बसले. आईच्या शेवटच्या दुखण्याबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते, ते त्यांच्याशी बोलले.

पत्रा पुरा झाला. निघताना, हातात पेटी घेऊन दारातच थबकले. "घर मोठं आहे माझं. तुम्ही आलात तर बरं होईल," म्हणाले. आणि माझी जीभ तुला ठाऊकच आहे. "मग इथली शिडं कोण शिवणार?" म्हणून बसले! "खरंय," म्हणाले आणि होडीत चढले. वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले. दुपारी सवयीनं ताटं दोन घेतली, आणि मग मात्र रडू आवरेना.

त्यांचं घर तुझ्याच शहरात आहे, छापखान्यांच्या गल्लीत. नेमकं कुठलं ते विचारायचं मला सुचलं नाही. तू शोध. तांब्यावर चित्रं काढणारा अबोल माणूस म्हटलं की कुणीही दाखवील. भिडस्त आहेत, दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. म्हणून तू विचारायला जाऊ नकोस, सांगायलाच जा, की ताई येतेय.

तुझीच,
ताई